तीन ठिकाणी काम, तर पेट्रोल-लॅपटॉपचा खर्च नक्की कुठल्या कमाईतून वजा करायचा?

भोसरीची_डिझायनर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण एकदाच सगळं सांगते म्हणजे परत परत विचारायला नको. मी भोसरीत एका कंपनीत मेकॅनिकल डिझाइनला आहे, महिना ६५,०००. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ चिंचवडला एका ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन) शिकवते, तिथे पार्ट टाइम आहे पण रीतसर पगारावर, ३०,०००, पीएफ कापतात, सॅलरी स्लिप देतात. आणि शनिवारी तळेगावच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात व्हिजिटिंग लेक्चर्स घेते, त्याचे या आर्थिक वर्षात (२०२५-२६) साधारण २,४०,००० होतील, तिथे मी बिल देते आणि ते १० टक्के कापून पैसे खात्यावर टाकतात. कंपनीची लेखी परवानगी घेतलेली आहे त्यामुळे लपवाछपवीचा विषय नाही.

आता खर्च. स्कूटरचं पेट्रोल (तिन्ही ठिकाणचं मिळून बरंच होतं), सप्टेंबरच्या सुरुवातीला ६२,००० चा लॅपटॉप घेतला, घरचं इंटरनेट महिना हजाराच्या आसपास, पुस्तकं-प्रिंट्स, कंपनीत लागणारे सेफ्टी शूज, कॉलेजला जायचं म्हणून घेतलेले दोन-तीन चांगले ड्रेस, आणि एक ज्युनिअर मुलगा आहे तो लेक्चरसाठी मॉडेल्स बनवून देतो आणि असाइनमेंट तपासतो, त्याला महिन्याला ३,००० जीपे करते. माझी मावसबहीण मेलबर्नला आहे, तिच्याही दोन नोकऱ्या आहेत, ती म्हणते आम्ही इथे युनिफॉर्म, शूज, एका कामावरून दुसऱ्या कामावर जायचं पेट्रोल सगळं टॅक्समधून वजा करतो. इथे ऑफिसात विचारलं तर एकजण म्हणतो नवीन रिजीममध्ये (कमी दर पण कमी सवलती अशी करपद्धत) काहीच वजा होत नाही, विसरून जा, दुसरा म्हणतो दोन नोकऱ्या तर स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) पण दोनदा, ७५ हजार अधिक ७५ हजार, दीड लाख. दोन्ही पगारांवर अजूनपर्यंत एक रुपया टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा टॅक्स) कापलेला नाही, मग मी धरून चालले होते की टॅक्स काही बसणार नाही आणि कॉलेजने कापलेले २४,००० पण परत मिळतील. फेब्रुवारी आला म्हणून आता धाकधूक व्हायला लागलीय. कोणी नीट सांगेल का?


फ्रीलान्सर_नाशिक

ताई मी पण डिझाइनवालाच. नोकरी करून बाहेरच्या कन्सल्टंटसाठी ड्रॉइंग्ज करून देतो, ते पण १९४जे (फीवर टीडीएस कापायचं कलम) खाली १० टक्के कापतात. मी ४४एडीए घेतो. जेवढी फी आली त्याच्या निम्मं उत्पन्न दाखवायचं, बाकी निम्मा खर्च धरला जातो, एकही बिल ठेवायची गरज नाही. तुमचं पण १९४जे आहे म्हणजे तेच करा, २,४०,००० चे १,२०,००० दाखवा आणि मोकळ्या व्हा. पेट्रोल, लॅपटॉप वगैरे मोजत बसायचंच नाही.


करसल्ला_सातारा

भोसरीच्या ताई, तुमच्या ऑफिसातले दोघंही चुकीचं सांगतायत आणि नाशिकचे दादा स्वतःच्या कामाबाबत बरोबर आहेत पण तुमच्या कामाला ते लागू होत नाही. सविस्तर लिहितो, कारण हा घोटाळा दरवर्षी माझ्या टेबलावर येतो आणि बहुतेक लोक जुलैमध्ये येतात, तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत हे फार बरं केलंत.

पहिली गोष्ट, खर्च माणसाला चिकटत नाही, कमाईला चिकटतो. तुम्हाला वाटतं माझी तीन कामं, माझा एक खर्चाचा ढीग, तो एकूण कमाईतून वजा करू. कायदा तसं बघत नाही. तो आधी विचारतो हा पैसा पगार आहे की व्यवसायाची फी. ओळखायची सोपी खूण म्हणजे कुठला कागद मिळतो ते बघा. कंपनी आणि इन्स्टिट्यूट फॉर्म १६ देणार, म्हणजे दोन्ही पगार. कॉलेज फॉर्म १६ए देणार, म्हणजे ती फी.

पगाराच्या बाजूला प्रत्यक्ष खर्च वजा करायची सोयच नाही. कलम १६ मध्ये जे लिहिलंय तेवढंच, आणि नवीन रिजीममध्ये त्यातलं तुमच्या कामाचं फक्त स्टँडर्ड डिडक्शन, ७५,०००. ते एका माणसाला एकदा. नोकऱ्या दोन असोत नाहीतर चार, सगळे पगार आधी एकत्र करायचे आणि मग त्यातून एकदाच ७५,००० काढायचे. भोसरी ते चिंचवड रोजचं पेट्रोल, सेफ्टी शूज, डबा, यातलं काहीही पगारातून वजा होत नाही. कंपनीने स्वतःहून ड्यूटीवरच्या फिरतीसाठी कन्व्हेयन्स अलाउन्स दिला असता आणि तुम्ही तो खरंच फिरतीवर खर्च केला असता तर तेवढा करमुक्त झाला असता, अगदी नवीन रिजीममध्येसुद्धा, पण तो पगाराच्या रचनेतच असावा लागतो, रिटर्न भरताना आपण घुसवू शकत नाही.

फीच्या बाजूला मात्र चित्र पूर्ण वेगळं आहे, आणि इथेच लोक हकनाक पैसे सोडून देतात. नवीन रिजीममध्ये ८०सी (गुंतवणुकीची वजावट), एचआरए (घरभाड्याची सूट) वगैरे गेलं हे खरं, पण व्यवसायाचं उत्पन्न काढताना त्यासाठी केलेला खर्च वजा करायचा हा नियम दोन्ही रिजीममध्ये तसाच आहे. तो सवलत नाही, नफा काढायची रीत आहे. २,४०,००० ही तुमची जमा आहे, उत्पन्न नाही. त्यातून लेक्चर्ससाठी झालेला खर्च गेला की राहतं ते उत्पन्न.

आता ४४एडीए. दादा, ते टीडीएसच्या कलमावर ठरत नाही, व्यवसाय कुठला त्यावर ठरतं. कलम ४४एए मध्ये यादी आहे. वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, टेक्निकल कन्सल्टन्सी, इंटिरियर डेकोरेशन, आणि नंतर नोटिफाय झालेले सिनेकलाकार, कंपनी सेक्रेटरी, आयटीवाले वगैरे. तुम्ही ड्रॉइंग्ज करून देता, ती अभियांत्रिकी, तुम्हाला ४४एडीए चालतं. ताई इंजिनिअर आहेत पण कॉलेजात त्या इंजिनिअरिंग करत नाहीत, शिकवतात, आणि शिकवणं त्या यादीत नाही. डिग्री कसली आहे याला महत्त्व नाही, फी कशाची मिळाली याला आहे. शिकवणाऱ्यांनी ४४एडीए घातलेली रिटर्न्स मी पाहिलीत, निघूनही जातात, पण विचारणा झाली तर सांगायला काही राहत नाही म्हणून मी कोणाला तो सल्ला देत नाही. तुमच्यासाठी प्रत्यक्ष खर्चाचा मार्ग, रिटर्नचा फॉर्म आयटीआर-३.

टीडीएस शून्य का, ते पण सांगतो. कंपनीला वाटतंय तुमचं वर्षाचं उत्पन्न ७,८०,००० वजा ७५,००० म्हणजे ७,०५,०००. १२ लाखांच्या आत, ८७ए चा रिबेट (तेवढ्या उत्पन्नापर्यंत टॅक्स माफ), टॅक्स शून्य. इन्स्टिट्यूटला वाटतंय ३,६०,०००, शून्य. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण तुम्ही एकच आहात. दोन्ही पगार मिळून ११,४०,०००, वजा ७५,०००, राहिले १०,६५,०००. त्यात कॉलेजचे २,४०,००० जसेच्या तसे मिळवले तर १३,०५,०००. रिबेट गेला. स्लॅबप्रमाणे ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ वर ४०,०००, वरच्या १,०५,००० वर १५ टक्के म्हणजे १५,७५०. एकूण ७५,७५०, त्यावर ४ टक्के सेस, ७८,७८०. कॉलेजने कापलेले २४,००० जाऊन ५४,७८० भरायचे. रिफंड तर सोडाच.

म्हणून तुमचा खर्चाचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. लेक्चर्सपुरता खर्च नीट वेगळा काढा आणि इथे टाका, मी आकडा करून देतो.


मेलबर्नकर

मावसबहिणीचा उल्लेख वाचला म्हणून लिहितोय, मी पण इथे दोन ठिकाणी काम करतो, सकाळी वेअरहाउस आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एज्ड केअर (वृद्धांची देखभाल). ती सांगते ते इथे बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंय. घरातून कामावर आणि कामावरून घरी हे इथेही मिळत नाही. एका नोकरीवरून थेट दुसऱ्या नोकरीवर गेलो तर तेवढाच टप्पा मिळतो, मध्ये घरी जाऊन आलो तर तोही गेला. गाडी असेल तर २०२५-२६ साठी किलोमीटरला ८८ सेंट, वर्षाला एका गाडीमागे ५,००० किलोमीटरपर्यंत. शूज म्हणाल तर कामाच्या सुरक्षेसाठी लागणारे, किंवा कंपनीचा लोगो असलेला युनिफॉर्म, ते चालतं, साधे कपडे चालत नाहीत जरी ते फक्त कामावरच घालत असलो तरी. आणि मालकाने पैसे परत दिले असतील तर क्लेम नाही.

बाकी दोन नोकऱ्यांचा फास इथेही अगदी तसाच आहे. १८,२०० डॉलरपर्यंत टॅक्स नाही, पण ती सूट नोकरीला लागताना एकाच मालकाकडे मागायची असते. नवीन आलेली मुलं दोन्हीकडे हो लिहून देतात, दोघंही कमी कापतात आणि वर्षाअखेरीला बिल येतं. मी ज्या घरात भाड्याने राहतो तिथल्या प्रत्येक नवीन मुलाला हे पहिल्याच आठवड्यात सांगतो कारण ते बिल भरताना त्यांचे जे हाल होतात ते बघवत नाहीत.


भोसरीची_डिझायनर

सातारकर सर, आकडे वाचून पोटात गोळाच आला. पण कळलं तरी. आज सगळी बिलं काढून बसले होते. लेक्चर्सपुरतं असं निघतंय: मॉडेल्स करणाऱ्या मुलाचे वर्षाचे ३६,००० (तो माझ्या दुसऱ्या कुठल्या कामात नसतो). पुस्तकं, प्रिंट्स, एक सॉफ्टवेअरचं वार्षिक सबस्क्रिप्शन मिळून ८,६००, सगळ्याची बिलं आहेत. इंटरनेट वर्षाचं १२,०००, पण ते घरात भाऊ पण वापरतो आणि मीही सगळ्यासाठीच वापरते. पेट्रोल शनिवारचं फक्त धरलं तर सहा हजारांच्या आसपास, त्याची पंपाची बिलं सगळी नाहीत, जीपेच्या नोंदी आहेत. लॅपटॉप ६२,००० चा, तो लेक्चरच्या तयारीला वापरते, संध्याकाळच्या इन्स्टिट्यूटच्या तयारीलाही वापरते, निम्मं निम्मं म्हणा. ड्रेस ११,००० चे.

लॅपटॉपचे ६२,००० पूर्ण धरता येतील का? आणि ड्रेस? कारण ते खरंच कॉलेजसाठीच घेतले, कंपनीत मी टीशर्ट-जीन्सवरच जाते.


करसल्ला_सातारा

ड्रेस नाही. कपडे बाहेर कुठेही घालता येतात, तो खासगी खर्च, आणि खासगी खर्च कलम ३७ मध्ये सरळ बाहेर ठेवलाय. वकिलाचा काळा कोट असता तर गोष्ट वेगळी.

लॅपटॉप ही वस्तू वर्षानुवर्षं चालणारी, म्हणून तिची किंमत एकदम वजा होत नाही, घसारा (दरवर्षी किमतीचा ठराविक भाग) मिळतो. कॉम्प्युटरला ४० टक्के. सप्टेंबरच्या सुरुवातीला घेतलात म्हणजे ३१ मार्चपर्यंत १८० दिवसांच्या वर वापर होतो, पूर्ण ४० टक्के मिळतील. (दिवाळीनंतर घेतला असता तर पहिल्या वर्षी २० टक्केच.) ६२,००० चे ४० टक्के २४,८००, आणि निम्मा वापर पगाराच्या कामाचा, म्हणून १२,४००. राहिलेल्या किमतीवर पुढच्या वर्षी परत ४० टक्के, ते विसरू नका, बरेच जण पहिल्या वर्षी घेतात आणि पुढे सोडून देतात. इंटरनेटचा तिसरा हिस्सा ४,००० धरू, भाऊ वापरतो हे तुम्ही स्वतःच सांगितलंत, मग जास्त ओढायला नको. शनिवारचं पेट्रोल ६,०००.

३६,००० अधिक ८,६०० अधिक १२,४०० अधिक ४,००० अधिक ६,०००. झाले ६७,०००.

आता गंमत नाही, गणित बघा नीट. फीचं उत्पन्न २,४०,००० वजा ६७,००० म्हणजे १,७३,०००. पगाराचे १०,६५,००० मिळवून एकूण १२,३८,०००. स्लॅबप्रमाणे टॅक्स येतो ६५,७००. पण उत्पन्न १२ लाखांच्या थोडंसंच वर असेल तर मार्जिनल रिलीफ आहे, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढी कमाई त्यापेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत. तुमची वरची कमाई ३८,०००, म्हणून टॅक्स ३८,०००. सेस धरून ३९,५२०. खर्च न दाखवता येत होता ७८,७८०. म्हणजे ६७,००० च्या खऱ्या खर्चाने ३९,२६० वाचले. त्यातून टीडीएस २४,००० गेला की भरायचे राहिले १५,५२०.

हा रिलीफचा पट्टा साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत चालतो. त्याच्या आत आलात की प्रत्येक रुपयाच्या खऱ्या खर्चामागे एक रुपया चार पैसे टॅक्स कमी होतो. एवढा फायदा तीस टक्क्यांच्या स्लॅबवाल्याला पण होत नाही. म्हणून दोनशे-पाचशेची पावती सुद्धा फेकू नका, प्रिंट्सवाल्याकडून बिल मागा, पुस्तक घेतलं की बिलाचा फोटो त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका.

आणि याच कारणासाठी एक गोष्ट आत्ताच कळकळीने सांगतो. अजून ३८,००० चा खर्च कुठूनतरी आणला की टॅक्स शून्य होईल हे कोणीतरी तुम्हाला सुचवणारच. ओळखीच्या दुकानातून बिल घे, आईच्या नावाने असिस्टंटचा पगार दाखव वगैरे. करू नका. उत्पन्न बरोब्बर १२ लाखांवर आणून ठेवलेलं रिटर्न बघणाऱ्याच्या डोळ्यात भरतं, आणि खोटा खर्च निघाला तर टॅक्स, व्याज आणि वर दंड, चुकीचं दाखवलं म्हणून दंड टॅक्सच्या दुप्पट लागू शकतो.


क्लासवाले_काका

सातारकर म्हणतात त्याला पूर्ण दुजोरा. माझ्या ओळखीत एक शिक्षक आहेत, घरी शिकवण्या घेतात, त्यांना एका एजंटाने रिफंड काढून देतो म्हणून वाट्टेल तसे खर्च आणि देणग्या दाखवून रिटर्न भरून दिलं, स्वतःचं कमिशन घेतलं आणि पुढच्या वर्षी फोन उचलायचा बंद केला. नोटीस आली शिक्षकांना, एजंटाला नाही. सही आपली असते. माणूस अत्यंत सरळ, पण दोन वर्षं झोप उडाली होती त्यांची.

माझा पण एक प्रश्न यातच विचारतो सर. मी शाळेत पगारावर आहे आणि भाड्याच्या घरात एका खोलीत संध्याकाळी अकरावी-बारावीचे क्लास घेतो. खोलीचं भाडं धरता येतं का?


करसल्ला_सातारा

काका, धरता येतं, पण खोलीपुरतंच. तीन खोल्यांचं घर आणि एक खोली क्लासला दिली असेल तर भाड्याचा तेवढा भाग, आणि विजेचा पण तसाच. संध्याकाळी क्लास आणि रात्री त्याच खोलीत मुलं झोपत असतील तर अजून कमी धरा. जुन्या रिजीममध्ये एचआरए घेत असाल तर तेच भाडं दोन्हीकडे नाही, जो हिस्सा क्लासला दाखवला तो एचआरए च्या हिशोबातून काढा. घरमालकाला भाडं खात्यावरून द्या, आणि कुठलाही खर्च एका माणसाला एका दिवसात रोखीने १०,००० च्या वर दिला तर तो खर्च बाद होतो हे लक्षात ठेवा, बेंच-फळा बनवून घेताना सुताराला रोख देतात आणि तिथे अडकतात. क्लासची फी जीपेवर आली असो की रोख, जमा सगळी दाखवायची. खर्च दाखवायचा आणि जमा अर्धी, असं चालत नाही.


पेरोल_पिंपरी

मी पेरोलमध्ये काम करते म्हणून ताईंना त्या बाजूचं सांगते, कारण १५,५२० कसे भरायचे हे अजून कोणी बोललं नाही.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आत्ताच भोसरीच्या कंपनीला फॉर्म १२बी द्या, त्यात इन्स्टिट्यूटचा पगार. पण तेवढ्याने काम होणार नाही, कारण दोन्ही पगार मिळूनसुद्धा १२ लाखांच्या आतच आहेत, सिस्टिम परत शून्यच दाखवेल. म्हणून सोबत १२बीएए द्या, त्यात कॉलेजचं उत्पन्न खर्च जाऊन आणि त्यांनी कापलेला टीडीएस. हा फॉर्म २०२४ च्या ऑक्टोबरपासून आलाय, काही एचआरना अजून माहीत नसतो, शांतपणे समजावून सांगा. मग उरलेला टॅक्स फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कापला जातो आणि ऍडव्हान्स टॅक्सच्या (वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायचा टॅक्स) व्याजाचा प्रश्न येत नाही. आमच्याकडे पेरोलचा कटऑफ महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास असतो, तुमच्याकडे विचारून घ्या, उशीर केलात तर सगळा मार्चवर येईल आणि मार्चचा पगार हातात कमी दिसेल.

दुसरा रस्ता, एचआर नाही म्हणालं तर स्वतः १५ मार्चच्या आत पोर्टलवर ई-पे टॅक्समधून ऍडव्हान्स टॅक्स भरा. टीडीएस जाऊन १०,००० किंवा त्याच्या वर देणं असलं की ऍडव्हान्स टॅक्स लागतोच. जून, सप्टेंबर, डिसेंबरचे हप्ते हुकलेत त्यामुळे २३४सी चं थोडं व्याज लागेल, तुमच्या आकड्यावर सहाशे-सव्वासहाशे, त्याला घाबरू नका. पण मार्चही सोडून जुलैत भरलंत तर २३४बी चं पण सुरू होतं, एप्रिलपासून दर महिना १ टक्का.

आणि अजून एक, प्रोफेशनल टॅक्स. दोन्ही स्लिपवर महिना २०० कापलेले दिसतायत का बघा. वर्षाला एका माणसाकडून राज्याला २,५०० च्या वर हा टॅक्स घेता येत नाही, ती मर्यादा थेट घटनेतच आहे, कलम २७६. दुसऱ्या ठिकाणी लेखी द्या की पहिल्या मालकाकडे कापला जातोय. छोटी रक्कम आहे पण आपली आहे, आणि नवीन रिजीममध्ये ती वजा पण होत नाही.


फ्रीलान्सर_नाशिक

सातारकर सर, शिकवणं यादीत नाही हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. मी पुढच्या महिन्यापासून एका पॉलिटेक्निकला लेक्चर्स घेणार आहे. म्हणजे ड्रॉइंग्जचं ४४एडीए आणि लेक्चर्सचं प्रत्यक्ष खर्चाने, असं एकाच रिटर्नमध्ये चालतं?


करसल्ला_सातारा

चालतं, पण मग आयटीआर-४ नाही, आयटीआर-३. दोन्ही कामांची बिलं वेगळ्या नंबरने काढा. आणि ड्रॉइंग्जचा निम्मा हिस्सा खर्च म्हणून आधीच धरला गेलाय, त्यामुळे तोच लॅपटॉप, तेच सॉफ्टवेअर परत लेक्चर्सकडे पूर्ण दाखवू नका, जे लेक्चर्ससाठीच झालंय तेवढंच.

भोसरीच्या ताई, पेरोलवाल्या मॅडमनी सांगितलेला पहिला रस्ताच धरा. कागदांचं थोडं सांगतो. तुम्हाला कायद्याने वह्या ठेवायची सक्ती नाही, फीचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, पण सक्ती नाही म्हणजे पुरावा नको असं नाही. शनिवारच्या पेट्रोलसाठी मोबाईलमध्येच एक शीट करा, तारीख, कुठून कुठे, स्कूटरचं किलोमीटर रीडिंग, बास. कॉलेजचं लेक्चर्सचं हजेरीपत्रक असतंच, त्याची कॉपी दर महिन्याला मागून घ्या, दोन्हीच्या तारखा जुळल्या की तुमचं म्हणणं पक्कं होतं. घरून कॉलेजला जाण्याच्या टप्प्यावर एखादा अधिकारी वाद घालू शकतो, म्हणून तयारी घरीच करता हे दिसेल असं ठेवा. एखाद्या शनिवारी कंपनी चालू असेल आणि तिथून थेट तळेगावला गेलात तर तशी वेगळी नोंद करा.

त्या मुलाला देता त्या ३,००० चं फक्त जीपे पुरेसं नाही, कारण जीपेवर आपण कोणालाही कशालाही पैसे देतो. दर महिन्याला त्याच्याकडून साधी पावती घ्या, नाव, काम काय केलं, रक्कम, सही. मागच्या महिन्यांचीही एकत्र एक पावती चालेल, त्यावर तारीख आजची टाका, मागची टाकू नका. त्याने केलेल्या मॉडेल्सच्या फाइल्स आणि मेल जपून ठेवा, ते पावतीपेक्षा जास्त बोलतात.

रिटर्न भरायच्या आधी पोर्टलवर २६एएस आणि एआयएस (तुमच्या नावावरची कमाई आणि टीडीएस दाखवणारी पत्रकं) उघडून कॉलेजने २,४०,००० च दाखवलेत का ते बघा, मार्चचं बिल ते कधीकधी एप्रिलमध्ये नोंदवतात आणि आकडा जुळत नाही. हे सगळं २०२५-२६ चं, म्हणजे १९६१ च्या कायद्याखालीच जाणार. १ एप्रिल २०२६ पासून नवीन २०२५ चा आयकर कायदा लागतोय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, म्हणून पुढच्या वर्षी कोणी दुसरा नंबर सांगितला तर गोंधळू नका.


भोसरीची_डिझायनर

सर, पेरोलवाल्या ताई, मेलबर्नचे दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आज एचआरला मेल केला, १२बीएए त्यांना माहीत नव्हता पण फॉर्म पाठवा, वीस तारखेच्या आत बसवतो म्हणाले. प्रोफेशनल टॅक्स खरंच दोन्हीकडे कापतायत, इन्स्टिट्यूटला पण लेखी देते. मुलाच्या पावत्यांचं आजच सुरू केलं. एक राहिलंच, पुढच्या वर्षी इन्स्टिट्यूटवाले म्हणतायत पगाराऐवजी बिलावर या, पीएफ वाचेल, १० टक्के कापून देऊ. तसं केलं तर तिथला पण खर्च धरता येईल ना?


करसल्ला_सातारा

कागदावर धरता येईल, पण आधी बघा की काम बदलतंय का. तीच वेळ, तीच हजेरी, तीच रजा मागायची, त्यांचाच कॉम्प्युटर, त्यांनी सांगितलेलाच सिलॅबस, आणि फक्त नाव बिल, तर ती नोकरीच आहे आणि उद्या कोणी तसं म्हटलं तर तुमचा खर्च उडेल. शिवाय पीएफ "वाचतो" तो त्यांचा, तुमच्या खात्यात येणारा त्यांचा हिस्सा बंद होतो. तिथे तुमचा स्वतःचा खर्च तरी कितीसा आहे? लॅपटॉपचा निम्मा घसारा आणि थोडं पेट्रोल. त्या बदल्यात मालकाचा पीएफ आणि पगारी रजा सोडायची का, हे आकडे मांडून ठरवा. ऑफर लेटर आलं की त्यातली कामाची अट कशी लिहिलीय ते इथे टाका, नाव खोडून, मग बघू.